आठवणीला साक्षीदार हवा

परभणी जिल्ह्यातल्या येलदरीच्या धरणावर एक काम रोज न चुकता होते: पूर्णा नदीच्या पाण्याची पातळी वाचायची आणि नोंदवहीत लिहायची. वरच्या खडकपूर्णा प्रकल्पातून पाणी सुटले आणि आवक वाढली की हीच नोंद तासातासाला घ्यावी लागते. ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावणाऱ्या या जलाशयात जवळपास १२५ दशलक्ष घनमीटर मृतसाठ्याचे आहे. म्हणजे वर्तमानपत्रात ‘येलदरी शून्य टक्क्यांवर’ असे छापून येते, तेव्हाही धरणात पाणी असते; संपलेला असतो तो उपयुक्त साठा. बोलण्यात मात्र ‘धरण कोरडं पडलं’ एवढेच उरते. चार वर्षांनी कोणी विचारले, ते कोरडे पडले कोणत्या साली, उन्हाळ्यात की पावसाळा लांबला तेव्हा, तर पारावरच्या पाच माणसांची पाच मते निघतात आणि पाचही ठाम असतात. हा वाद नोंदवहीच मिटवू शकते. पाण्याच्या बाबतीत हे आपल्याला पटते, कारण परभणी-हिंगोलीतल्या गावांचे पिण्याचे आणि शेतीचे पाणी त्या आकड्यांवर ठरते. स्वतःच्या आयुष्याचा हिशेब मात्र आपण बिनधास्तपणे आठवणीवर सोडून देतो. रोजनिशी लिहावी असे सांगणारे सहसा मन मोकळे होते, ताण उतरतो, झोप लागते, असे फायदे सांगतात. ते खोटे नाहीत, पण दुय्यम आहेत. रोजनिशीचा मोठा फायदा असा की आपल्या आठवणीची उलटतपासणी घेऊ शकेल असा एक साक्षीदार आपल्याला मिळतो, आणि हा साक्षीदार दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही.

आधी मन मोकळे होण्याचा दावा पारखून घेऊ. त्यामागे खरे संशोधन आहे. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढल्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. या निष्कर्षाने एक अख्खे संशोधनक्षेत्र उभे केले. पण २००६ मध्ये जोॲन फ्रॅटारोली यांनी अशा १४६ अभ्यासांची एकत्र तपासणी केली, तेव्हा सरासरी परिणाम खरा असला तरी अगदी लहान निघाला. त्याआधी, २००२ मध्ये, फिलिप उलरिक आणि सुसान लुटगेनडॉर्फ यांच्या अभ्यासातून आणखी महत्त्वाची गोष्ट पुढे आली होती. तणावाच्या प्रसंगाबद्दल भावना आणि विचार दोन्ही लिहिणाऱ्यांना त्या प्रसंगातून काही चांगले हाती लागल्याचे जाणवले. फक्त भावनाच ओतत राहिलेल्यांनी उलट आजारपणाच्या अधिक तक्रारी नोंदवल्या. म्हणजे कागदावर नुसते भडाभडा ओकणे हे औषध नव्हे. जो काही गुण येतो, तो घडलेल्या गोष्टीची संगती लावण्याने येतो.

शिवाय मन हलके करण्याची सोय आपल्याकडे वहीवाचूनही होती आणि आहे. याच परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई दळण-कांडण करता करता विठ्ठलाशी बोलली, भांडली, रुसली. मराठवाड्यातल्या बायकांनी जात्यावर सासर-माहेर, भाऊ, मरण, दुष्काळ सारे ओव्यांत गुंफले. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावच्या अशा ओव्या जमवल्या, तेव्हा त्यांचा प्रचंड साठा उभा राहिला. त्यांतल्या कितीतरी ओव्या रचणाऱ्या बायकांना लिहिता येत नव्हते. पारावरच्या गप्पा, पाणवठा, भजनी मंडळ, पंढरीची वाट या सगळ्या ठिकाणी माणसे मनातले बोलून मोकळी होत आली आहेत. रोजनिशीचा उपयोग तेवढाच असता, तर येलदरीच्या माणसाला तिची गरज आहे असे म्हणायला मी धजलो नसतो. पण ओवीत एक गोष्ट राहत नाही आणि राहायची गरजही नाही: ती म्हणजे तारीख. ओवी दुःख सगळ्यांचे करते, म्हणूनच ते अमक्या दिवशीचे, अमक्या कारणाने झालेले दुःख राहत नाही. पारावरची गप्पही रोज नव्याने रचली जाते. ऐकणारा बदलला की तपशील बदलतो. त्या दिवशी मला काय माहीत होते, मी काय ठरवले आणि का ठरवले, हे टिपण्याचे काम यांतले एकही साधन करत नाही. रोजनिशीची जागा इथे आहे.

हे काम किती निकडीचे आहे, ते आठवणीवरच्या प्रयोगांवरून कळते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर काही सेकंदांत फुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी उलरिक नाईसर यांनी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून ही बातमी कुठे, कोणाकडून, काय करत असताना कळली, ते लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांच्यापैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. पूर्ण बरोबर उत्तरे देणारे अगदी थोडे निघाले; जवळजवळ एक चतुर्थांश जणांचे एकही मुख्य उत्तर जुळले नाही. चुकलेल्यांपैकी अनेकांना आपल्या आठवणीची पक्की खात्री होती. त्यांचे जुने हस्ताक्षर त्यांच्यापुढे ठेवले, तरी नाहीशी झालेली मूळ आठवण काही परत आली नाही. आपली समजूत अशी की ठसठशीत आठवण म्हणजे खरी आठवण. प्रत्यक्षात ठसठशीतपणाचा आणि खरेपणाचा संबंध आपण मानतो त्यापेक्षा फार सैल असतो.

याहून घातक आहे ती नंतर सुचलेली हुशारी. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाणार होते. बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना त्याआधी विचारले होते, की या दौऱ्यांत काय काय होण्याची किती शक्यता वाटते. दौरे आटोपल्यावर, तुम्ही तेव्हा काय अंदाज दिला होता ते आठवून सांगा, असे त्यांना सांगितले. जे घडले असे त्यांना वाटत होते, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती अशी त्यांची आठवण झाली होती. ‘मला वाटलंच होतं’ हे आपल्याकडे लग्न मोडल्यावर, भाव पडल्यावर, निवडणुकीच्या निकालानंतर घरोघरी ऐकू येणारे वाक्य कोणी खोटेपणाने बोलत नाही. बोलणाऱ्याला ते खरोखरच खरे वाटते. चार्ल्स डार्विनला आठवणीची अशीच एक खोड ठाऊक होती. आपल्या सिद्धान्ताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ती लगेच टिपून ठेवायची, असा त्याने नेम केला होता. अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी मनातून लवकर निसटतात, असा त्याचा अनुभव होता. इतक्या काटेकोर माणसाला स्वतःच्या डोक्यावर विसंबता आले नाही, तर आपण कशाच्या जोरावर विसंबतो?

नोंदीची ही किंमत मराठी परंपरेला नवी नाही. पेशवाईचा कारभार रोजकिर्दीवर, म्हणजे रोजच्या नोंदवहीवर, चाले. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर महाराज आणि पेशवे यांच्या रोजनिशांतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापून आले, तेव्हा अठराव्या शतकातले शेतसारे, वतने, तंटे आणि इनामे अभ्यासकांच्या हाती आली. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद तर सर्वांच्या ओळखीचा. उत्तरकालीन बखरींमुळे १६२७ हे साल रूढ झाले होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे घराण्याची शकावली उजेडात आणली आणि तिच्यातल्या शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेच्या नोंदीने चित्र पालटले. शिवभारतानेही त्याच तिथीला दुजोरा दिला. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. शकावली म्हणजे रोजनिशी नव्हे. साल, तिथी आणि घटना यांच्या त्या तुटक ओळी. तिच्यात ना वर्णन, ना भावना. बखरीत मात्र दोन्ही भरपूर. तरी तारखेच्या प्रश्नावर रंगतदार बखरींपुढे एक कोरडी ओळ सरस ठरली. याला दुसरी बाजू आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत केलेला प्रवास सुमारे पंचवीस वर्षांनी आठवून लिहिला आणि ‘माझा प्रवास’ हे मराठीतले अनमोल पुस्तक जन्माला आले. रोजच्या टिपणांवाचून थोर साहित्य होऊ शकते, हे त्यावरून उघड आहे. पण झाशीत अमुक घटना नेमकी कधी आणि कोणत्या क्रमाने घडली, हे ठरवायला इतिहासकार एकट्या त्या पुस्तकावर विसंबत नाहीत. गोष्ट सांगायला आठवण पुरते. निर्णय तपासायचा तर नोंद लागते, आणि आपले आयुष्य गोष्टींइतकेच निर्णयांनीही भरलेले असते.

निर्णय म्हणजे काय, हे जिंतूर तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जूनमध्ये त्याच्यापुढे वर्षातला सर्वांत महाग प्रश्न उभा राहतो: पेरायचे की थांबायचे? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग आणि परभणीचे कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतात. पण महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात किती पडला आणि आपल्या शिवारात किती पडला, यांत पुष्कळ अंतर असू शकते. समजा, अशा शेतकऱ्याने बांधावर सरळ भिंतींचा एक डबा ठेवला आणि रात्री वहीत एवढेच लिहिले: ‘१९ जून. आर्द्रा लागायला दोन-तीन दिवस. डब्यात दोन बोटं पाणी. वरची माती भिजली, खाली कोरडीच. शेजारच्यानं सोयाबीन टाकलं. आपण थांबलो, कारण घरात बियाणं एकाच पेरणीचं. चार दिवसांत मोठा पाऊस येईल असं वाटतं.’ या सहा-सात ओळींत वर्णन नाही, अलंकार नाहीत. तरी तीन गोष्टी पक्क्या झाल्या: काय पाहिले, काय ठरवले आणि कशाच्या आधारावर, आणि पुढे काय होईल असे वाटले. दोन आठवड्यांची उघडीप पडून शेजाऱ्यावर दुबार पेरणीची वेळ आली किंवा पाऊस लागून शेजाऱ्याचे पीक हातभर पुढे गेले, दोन्ही परिस्थितींत ही नोंद बोलेल. पाच-सहा वर्षांच्या अशा जूनच्या पानांवरून त्याला आणखी एक गोष्ट कळेल, जी कोणतेही विद्यापीठ सांगू शकत नाही: आपण घाई करणारे आहोत की नको तितके थांबणारे, आणि ‘चार दिवसांत येईल’ हा आपला अंदाज दहांतून किती वेळा खरा ठरतो. पावसाचा अभ्यास हवामान खाते करील. स्वतःच्या अंदाजाचा अभ्यास ज्याचा त्यालाच करावा लागतो.

शेतीबाहेरही हेच लागू पडते. मराठी घरातली सर्वांत दुर्लक्षित रोजनिशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लटकलेली असते. कालनिर्णयच्या चौकटींत दूध किती घेतले, गॅसचे सिलिंडर कधी लावले, कोणाला किती हातउसने दिले, हे बारीक अक्षरांत लिहिणारी बाई आपण रोजनिशी लिहितो असे कधी म्हणणार नाही. पण महिनाअखेर दूधवाल्याशी हिशेब करताना तिच्या शब्दाला वजन येते ते त्या चौकटींमुळे. याच सवयीत अजून दोन शब्दांची भर घातली तर तिचा उपयोग कितीतरी वाढतो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे कधीपासून होतंय?’ आणि आपले उत्तर असते, ‘बरेच दिवस झाले.’ डोके दुखलेल्या दिवसांवर खूण असेल, रक्तदाबाचा आकडा चौकटीत असेल, गोळी चुकलेला दिवस लिहिलेला असेल, तर त्या ‘बरेच दिवसां’ना तारखा येतात आणि दुखणे उपवासाच्या दिवशी उठते की जागरणानंतर, हेही उमगू शकते. पीकविम्यात गारपीट किंवा शिवारात पाणी साचणे यांसारख्या स्थानिक आपत्तीची माहिती ७२ तासांत द्यावी, अशी अट राहिलेली आहे. तिथे तारखेचा घोळ थेट खिशाला लागतो. बचत गटाची वही, दुकानातली उधारीची चोपडी, दिवाळीत पुजली जाणारी जमाखर्चाची वही, यांच्या रूपाने नोंदीचा संस्कार आपल्याकडे खोल रुजलेला आहे. पैशाला जी शिस्त आपण लावली, ती वेळेला, प्रकृतीला आणि निर्णयांना लावायची एवढेच रोजनिशीचे म्हणणे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: रोज तेच घडते, मग लिहायचे काय? शहरातल्या नोकरदारालाही हे वाटते आणि गावातल्या माणसालाही. पण तेच ते दिवस आठवणीत सर्वांत आधी एकमेकांत मिसळून जातात, म्हणूनच त्यांना नोंदीची गरज जास्त. विलेम वागेनार या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षे चाललेल्या प्रयोगात स्वतःच्या आयुष्यातल्या सुमारे २४०० घटना टिपल्या: कोण होते, काय झाले, कुठे आणि केव्हा. पुढे त्यांतला एकेक धागा देऊन त्याने स्वतःची परीक्षा घेतली. काय झाले हे कळल्यावर बाकीचे बरेच आठवे. नुसती तारीख पुढे केली तर जवळजवळ काहीच आठवत नसे. डोक्यात घटना तारखेच्या हिशेबाने लावलेल्या नसतात, हे यावरून दिसते. काय झाले ते मन कसेबसे राखते; कधी झाले आणि कशाच्या आधी-नंतर झाले, ते कागदावर सोपवावे लागते. कार्यकारणाचा विचार तर सगळा या आधी-नंतरवर उभा असतो. वरकरणी कंटाळवाण्या नोंदींच्या ओळीतच कारण सापडते, आणि एकटा रोमहर्षक दिवस कितीही रंगवून लिहिला तरी त्यातून ते हाती लागत नाही.

दुसरा आक्षेप आजचा: आता फोन आहे, फोटो आहेत, व्हॉट्सॲपवर सारे संवाद तारीख-वेळेसह पडून आहेत, बँकेचे संदेश आहेत, मग वेगळी वही कशाला? कोणत्या दिवशी काय झाले यासाठी फोन उत्तम साक्षीदार आहे आणि वहीवाल्याने त्याची मदत जरूर घ्यावी. पण फोन बाहेरचे टिपतो. बियाणे कोणत्या दिवशी घेतले ते पावतीच्या फोटोत दिसेल. ते वाण का घेतले, दुकानदाराच्या सांगण्यावरून की गेल्या वर्षीच्या उताऱ्यावरून, ते दिसणार नाही. मुलाला परभणीच्या महाविद्यालयात घातले की छत्रपती संभाजीनगरला पाठवले, हे प्रवेशाच्या पावतीवर असते. तेव्हा घरात कोण काय म्हणाले आणि आपल्याला कशाची भीती वाटत होती, हे कोणत्याही ॲपमध्ये नसते. वहीत लिहा किंवा फोनवर टाइप करा, साधनाबद्दल हट्ट नाही. हट्ट एवढाच की ‘का’ आणि ‘पुढे काय होईल’ हे निकाल लागण्याआधी लिहिलेले असावे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: वही कोणाच्या हाती लागली तर? एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात, खासगी कपाट ही चैन आहे, आणि बाईसाठी तर ती अधिकच. रमाबाई रानडे यांना लिहायला-वाचायला शिकताना घरातल्याच बायकांचा केवढा विरोध सोसावा लागला, हे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. लिहिणारी बाई अजूनही अनेक घरांत संशयाचा विषय ठरते. म्हणून ‘मनातले सगळे निःसंकोच लिहा’ हा सल्ला मला बेजबाबदार वाटतो. ज्याला परिणाम भोगावे लागणार नाहीत, त्याला असा सल्ला देणे सोपे जाते. इथे कोरड्या नोंदीचा आणखी एक गुण कामी येतो: ती बोचत नाही. कॅलेंडरच्या चौकटीतली एक ठिपक्याची खूण, एक आकडा, एखादे आद्याक्षर, लिहिणारीला सारा दिवस परत देऊ शकते आणि दुसऱ्याला काहीच सांगत नाही. तरीही धोका पूर्णपणे टळतो असे नाही. जिथे तो खरा आहे, तिथे न लिहिण्याचा निर्णयही शहाणपणाचा असू शकतो, आणि रोजनिशीचा कैवार घेणाऱ्याने एवढे मान्य केलेच पाहिजे.

चौथा आक्षेप म्हणतो, विसरणे हे वरदान आहे. जुनी भांडणे, अपमान, मृत्यू लिहून ठेवून त्यांना का पोसायचे? यात तथ्य आहे, आणि उलरिक-लुटगेनडॉर्फ यांचा निष्कर्षही त्याच दिशेचा आहे. रोज रात्री त्याच जखमेवरची खपली काढणारी वही बंद करून ठेवलेली बरी. पण अपमान न लिहिल्याने विसरला जातो, हे गृहीतच चुकीचे आहे. बांधावरून भाऊबंदकीत सुरू झालेले भांडण वीस वर्षे टिकते ते कोणाच्या रोजनिशीमुळे नव्हे. ते तोंडी फिरते, दर वेळी थोडे वाढते आणि त्यातला आपला वाटा दर वेळी थोडा घटतो. त्याच दिवशी लिहिलेल्या दोन ओळींत, ‘मी आधी आवाज चढवला’ हे वाक्य असण्याची शक्यता निदान असते. दहा वर्षांनी सांगितलेल्या हकिकतीत ते नसतेच.

माणूस रोजनिशीतही स्वतःला फसवतोच, हा शेवटचा आक्षेप. बरोबर आहे. आपण स्वतःसमोरही नटतो आणि पुढे कोणी वाचेल या आशेने काहीजण तर वहीलाच व्यासपीठ करतात. पण फसवणुकीला हेतू लागतो, आणि निकाल माहीत नसताना तो दुबळा असतो. पेरणी फसणार की साधणार हे ठाऊक नसलेल्या माणसाला १९ जूनच्या रात्री खोटे लिहिण्याचे कारण कमी. सप्टेंबरात ते भरपूर. गांधीजींनी दांडीयात्रेतल्या सत्याग्रहींना प्रार्थना आणि सूतकताईबरोबर रोजनिशीही लावून दिली होती. आपण आज काय केले हे रोज लिहायचे आहे, हे ठाऊक असलेला माणूस दिवसभर थोडा सावध राहतो, हा त्यामागचा हिशेब होता. त्यात फसवायला जागा उरत नाही असे नाही, पण ती आक्रसते.

मग लिहायचे कसे, याचे उत्तर वरच्या विवेचनातूनच निघते. पानभर लिहिण्याची गरज नाही. तारीख, पाहिलेली एक गोष्ट, घेतलेला एक निर्णय आणि त्याचे कारण, पुढचा एक अंदाज. पाच मिनिटांचे काम. २०१८ मध्ये मायकेल स्कलिन यांच्या गटाने ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या दिवसांतली कामे लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. म्हणजे पुढचे लिहिण्याचा लाभ त्याच रात्रीही मिळू शकतो. मात्र लिहिणे हा अर्धाच भाग. जी नोंद पुन्हा वाचली जात नाही, तिची साक्ष कधी नोंदवलीच जात नाही. मृगाच्या आधी गेल्या वर्षांचे जून महिने वाचावेत, धाकट्या मुलाच्या प्रवेशाच्या वेळी मोठ्याच्या वेळचे पान काढावे, डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी महिनाभराच्या खुणा मोजाव्यात. एखादा आठवडा राहून गेला तर तो मागाहून भरू नये. मागाहून भरलेली रोजनिशी ही पुन्हा आठवणच, फक्त शाईत लिहिलेली.

आतापर्यंतच्या युक्तिवादाचा सूर असा वाटेल की रोजनिशी आपल्याला चुकीचे ठरवण्यासाठी आहे. पण नंतर सुचलेली हुशारी जशी आपल्याला खोटे शहाणपण बहाल करते, तशीच ती खोटा अपराधही आपल्या माथी मारते. पीक गेले, धंदा बुडाला, आजारी माणूस हाताला लागले नाही, की ‘माझंच चुकलं, मला कळायला हवं होतं’ हे शब्द मनात घर करतात, आणि पाऊस, भाव, दुखणे यांतले काहीच आपल्या हातात नसलेल्या मुलखात ते फार जड होतात. वही हे ओझे नाहीसे करील असा दावा कोणी करू नये. पण त्या दिवशी समोर काय होते, किती माहीत होते, कोणाचा सल्ला घेतला आणि त्यातून निर्णय किती विचाराने घेतला, हे तिथे आपल्याच अक्षरांत असते. निर्णय चुकणे वेगळे आणि निकाल वाईट लागणे वेगळे, हा भेद आठवण करत नाही, कारण तिच्याजवळ फक्त निकाल उरलेला असतो. नोंद हा भेद करू देते. जिथे खरेच चुकले तिथे ती पुढच्या वेळेसाठी शिकवते, आणि जिथे चुकले नव्हते तिथे आपल्याला दोषमुक्त करते. स्वतःचा असा न्याय स्वतःला करता येणे, हा कोणत्याही माणसासाठी रोजच्या पाच मिनिटांचा पुरेसा मोबदला आहे.